तीन सेकंदांत दम सोडणारा वॉशर: एका हरवलेल्या झाकणाचं प्रकरण

पावसातली संध्याकाळ, समोर मोठा ट्रक, त्याच्या मागच्या चाकातून उडालेला चिखल सगळा काचेवर. वहिनींनी वॉशरची, म्हणजे काचेवर पाणी मारणाऱ्या यंत्रणेची, दांडी ओढली, पाणी आलं, चांगलं जोरात आलं, आणि वायपर दुसऱ्यांदा काचेवरून फिरेपर्यंत ती धार अशी गळाली की काचेच्या मधोमध पडायच्या ऐवजी बॉनेटच्या कडेलाच टपटपायला लागली. वायपरने अर्धवट ओला चिखल काचभर सारवला आणि तेवढ्यात समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे त्यावर पडले. पुढचे तीन-चार सेकंद त्यांना काहीही दिसत नव्हतं. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, म्हणजे चार सेकंद धरले तरी ६५ मीटरच्या वर रस्ता त्यांनी न बघता कापला. नशिबाने काही झालं नाही. पण घरी आल्यावर त्यांचा चेहरा बघितला आणि मी ठरवलं की आता या वॉशरचा छडा लावल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.

गाडी माझ्या मोठ्या भावाची, नऊ वर्षांची, पण रोज चालवतात वहिनी. वॉशरची तक्रार त्या दिवशी नवीन नव्हती, पाच-सहा महिने चालूच होती आणि तोवर त्यावर दोन इलाज होऊन गेले होते. प्रकरण सविस्तर लिहायचं कारण हेच आहे, की बिघाड हाताच्या तळव्याएवढ्या झाकणात होता आणि खर्च, वेळ, डोकं सगळं भलतीकडे गेलं.

आधी काय काय झालं होतं

पहिला इलाज दादाने स्वतः केला. पाणी नीट येत नाही म्हणजे जेट, काचेवर धार सोडणारी बारीक तोंडं, तुंबले असणार असं धरून त्याने टाचणीने दोन्ही जेट कोरले. विचार अगदीच चुकीचा नव्हता, बहुतेक वेळा जेटच तुंबतात, विशेषतः जड पाणी वापरलं तर त्याचा पांढरा क्षार तोंडाशी साचतो. पण कोरताना डाव्या जेटमधली, धारेची दिशा ठरवणारी छोटी गोळी फिरली आणि त्याची धार काच सोडून टपावरून मागे जायला लागली. मूळ तक्रार तशीच राहिली.

दुसरा इलाज गॅरेजमध्ये. तिथे सांगितलं टाकीतलं पाणी ढकलणारी मोटर कमजोर झालीय, बदलावी लागेल. मोटर बदलली आणि वॉशर मस्त चालायला लागला! आठवडाभर काही त्रास नाही. मग दादाने एका रविवारी गाडी धुतली, वॉशरची टाकी काठोकाठ भरली, आणि दुसऱ्या दिवसापासून परत तेच, तीन सेकंद जोर आणि मग टपटप. गॅरेजवाल्याने परत बघितलं, मोटरला करंट बरोबर येतोय, मोटर फिरतेय, मग पाइपात कचरा असेल म्हणून हवा मारून दिली.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वहिनी पहिल्यापासून सांगत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, टाकी फुल्ल केली की जास्त त्रास देतो हा वॉशर, पाणी कमी झालं की बरा चालतो, मी गॅरेजमध्ये पण सांगितलं, पण ते म्हणाले असं कसं होईल." मला पण ऐकताना क्षणभर उलटंच वाटलं, कारण पाणी जास्त तर जोर जास्त असंच आपल्या डोक्यात असतं. पण रोज गाडी चालवणारा माणूस एखादी गोष्ट इतकी ठामपणे सांगतो तेव्हा ती बाजूला टाकायची नसते. त्या वाक्यात अख्खं निदान होतं हे मला नंतर कळलं.

तपासणी

मी सुरुवात टोकाकडून केली. बॉनेट उघडलं, जेटकडे जाणारा रबरी पाइप जिथे जोडलेला असतो तिथून सोडवला आणि त्याचं तोंड एका रिकाम्या बाटलीत धरलं. वहिनींना म्हटलं, "दहा सेकंद दांडी ओढून धरा." पाणी जोरात आलं, आणि तीन-चार सेकंदांनी धार बारीक झाली. म्हणजे जेट निर्दोष! जेट तर जोडलेलेच नव्हते, तरी रोग तोच. बिघाड पाइपाच्या अलीकडे, मोटर किंवा टाकी या दोघांतच कुठेतरी.

मोटरचा आवाज मी कान देऊन ऐकला. मरायला आलेली मोटर सुरुवातीपासून घरघरते किंवा अडखळते. इथे सुरुवातीचा आवाज भरीव होता आणि मग तो वर चढत गेला, जशी मोटर मोकळी फिरायला लागली की चढतो तसा. म्हणजे मोटरला ताकद होती पण ओढायला पाणी पुरेसं मिळत नव्हतं. शिवाय जुनी काढलेली मोटर दादाने डिकीत ठेवली होती, ती मी बादलीत बुडवून १२ व्होल्टच्या बॅटरीवर दोन-तीन सेकंद चालवून बघितली तर तिने भिंतीवर पाणी उडवलं. चांगली मोटर काढून चांगली मोटर बसवली होती.

मग राहिली टाकी. आणि टाकीच्या तोंडाशी बघितलं तेव्हा झाकण नव्हतंच, जाड प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा दुहेरी करून, रबर लावून, वरून काळी टेप गुंडाळली होती. दादाला विचारलं तर म्हणाला, "अरे झाकणाची पट्टी तुटली होती, पाणी भरून झाल्यावर झाकण तिथेच ठेवलं आणि बॉनेट लावलं, कुठेतरी रस्त्यात पडलं असणार. दोन-एक महिने तसंच उघडं होतं, मग आत धूळ जाते म्हणून मी हे बांधलं, अगदी हवाबंद केलंय बघ."

हवाबंद. हा शब्द ऐकला आणि वहिनींचं टाकी फुल्लवालं वाक्य एकदम जागेवर बसलं.

पण नुसतं वाटून उपयोग नाही, डोळ्यांनी बघायला हवं होतं. आणि हा बिघाड इतके महिने लपून राहिला त्याचं कारणच हे की दांडी ओढणारा माणूस आत बसलेला असतो आणि टाकीचं तोंड बॉनेटखाली असतं, एकट्याला दोन्ही एका वेळी दिसतच नाही. तो उतरून बॉनेट उघडेपर्यंत टेपच्या सुरकुत्यांतून हवा हळूहळू आत शिरते आणि पिशवी परत सपाट झालेली असते. म्हणून मी बॉनेट उघडं ठेवून तोंडाशी टॉर्च धरली आणि वहिनींना दांडी ओढायला सांगितली.

पिशवी आधी थरथरली, मग मधोमध खड्डा पडला, तो खड्डा खोल होत होत ती अख्खी वाटीसारखी टाकीच्या गळ्यात ओढली गेली, ताणून चकचकीत झाली, आणि ज्या क्षणी ती पूर्ण ताणली त्याच क्षणी पाइपातली धार पडली. मी नखाने टेपची एक कड उचलली, फुस्स करून हवा आत गेली, पिशवी वर आली आणि धार परत जोरात. वहिनींना उतरवून ते दाखवलं, या वेळी दांडी दादाने ओढली. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त दादाकडे बघितलं.

मग पिशवी पूर्ण काढली आणि दहा सेकंद मोजले, सोडवलेल्या पाइपातून साधारण ३०० मिली पाणी आलं, सलग. परत पिशवी घट्ट बांधून दहा सेकंद, १३० मिलीच्या आसपास. परत काढली, परत ३००. निदान पक्कं करायचं तर असं काढ-घाल करून बघायला हवं, एकदा काढून बरं झालं एवढ्यावर थांबलं तर तो योगायोगही असू शकतो. तशी नवीन मोटर घातल्यावरही आठवडाभर बरं झालं होतंच की.

असं का होतं

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गुळगुळ करत, थांबत थांबत येतं, आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की सलग धार लागते, कारण जेवढं तेल बाहेर जाईल तेवढी हवा आत यावी लागते. वॉशरच्या टाकीचंही अगदी तसंच आहे. तळाशी मोटर पाणी बाहेर ढकलते, आणि तेवढीच हवा वरून आत यायला वाट लागते. कंपनीच्या झाकणात ती वाट ठेवलेली असते, कुठे बारीक भोक, कुठे झाकणाच्या कडेला खाच, काही गाड्यांत टाकीलाच वेगळी हवेची नळी. दादाने ती वाटच बंद केली होती.

आता टाकी फुल्ल असताना जास्त त्रास का, तर हिशेब करून बघा. समजा टाकी ४ लिटरची, काठोकाठ भरली, वर फक्त २०० मिली हवा राहिली. त्यातून १०० मिली पाणी गेलं की तीच हवा ३०० मिलीच्या जागेत पसरते, म्हणजे आतला दाब एकतृतीयांशने पडतो, मोटरला उलट्या ओढीशी झुंजावं लागतं. तेच टाकी अर्धी असेल तर वर २ लिटर हवा आहे, १०० मिली पाणी गेल्यावर ती २.१ लिटरमध्ये पसरते, दाब जेमतेम ५ टक्के कमी होतो, मोटरला कळतही नाही. प्रत्यक्षात पिशवी आत येते, टाकीच्या भिंतीही जरा आत दबतात, त्यामुळे आकडे इतके काटेकोर राहत नाहीत, पण दिशा हीच. पहिले तीन सेकंद जोर का यायचा तेही यातच आलं, पिशवी आत ओढली जाईपर्यंत तेवढी जागा फुकट मिळत होती, ती ताणली की खेळ खल्लास.

आणि मोटर बदलल्यावर आठवडाभर बरं का वाटलं? मोटर टाकीच्या तळाशी रबरी बुचात दाबून बसवलेली असते, ती उपसली की टाकीतलं सगळं पाणी खाली सांडतं. गॅरेजवाल्याने नंतर बाटलीभर पाणी घातलं, टाकी पाऊण रिकामी राहिली, वर भरपूर हवा, त्यामुळे वॉशर चालला. रविवारी दादाने काठोकाठ भरली आणि रोग परत आला. गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही, त्याने बसवलेली मोटर चालताना त्याने डोळ्यांनी बघितली होती. त्याने फक्त टाकी भरून परत बघितलं नाही, आणि वहिनींचं ऐकलं नाही. दुसरी गोष्ट मला जास्त लागली.

झाकण नसताना आत काय गेलं

पिशवी काढून वॉशर चालला, पण काम संपलं नव्हतं, कारण त्याआधी दोन महिने टाकी उघडी होती. टॉर्च आत मारली तर गळ्यातली जाळी, जी पाणी भरताना मोठा कचरा अडवते, ती गायब होती, बहुतेक झाकणाबरोबरच निघून गेली असणार. तळाशी तपकिरी गाळ, त्यावर हिरवट बुळबुळीत थर, आणि गळ्याशी नाक नेलं तर साचलेल्या डबक्याचा वास.

टाकी चाकाच्या पुढे बंपरच्या आत होती, बऱ्याच गाड्यांत तिथेच असते, वर दिसतो तो नुसता गळा. पुढचं चाक पूर्ण एका बाजूला वळवलं, चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराच्या पुढच्या क्लिपा काढल्या, अस्तर वाकवलं की मोटर हाताला लागली. यासाठी गाडी उचलायची गरज पडली नाही. तुमच्या गाडीत पडलीच तर नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हात-डोकं घालू नका, खाली पक्के स्टँड लावल्याशिवाय तर अजिबातच नाही. बादली खाली ठेवली, मोटरचा प्लग काढला, पाइप काढले आणि मोटर हळूहळू फिरवत वर ओढली. पक्कड लावायची नाही, मोटरची प्लास्टिकची नळी तुटली तर ती कामातून गेली. पाणी बादलीत आलं ते आधी बऱ्यापैकी स्वच्छ, शेवटचा अर्धा लिटर चहासारखा. रबरी बुचाच्या आतल्या बाजूला छोटी टोपीसारखी जाळी असते, ती बाहेर काढली तर तिच्यावर बोटाने खरवडावा लागेल असा चिकट थर, त्यात वाळूचे कण आणि एका पानाची शीर. म्हणजे आपण नुसतं झाकण आणून बसवलं असतं तर दोन-चार महिन्यांत ही जाळी पूर्ण बंद होऊन परत धार कमी झाली असती, आणि मग सगळ्यांनी झाकणाचं निदानच चुकीचं ठरवलं असतं.

टाकी जागेवरच धुतली. बुचाच्या भोकावर अंगठा, वरून कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, लांब लवचिक दांडीचा ब्रश गळ्यातून, घुसळायचं आणि सोडायचं, पाणी स्वच्छ आणि बिनफेसाचं येईपर्यंत, मला सात वेळा करावं लागलं. उकळतं पाणी वापरू नका, टाकी पॉलिथिनची असते, वाकडी होते. जाळी जुन्या टूथब्रशने साफ केली. रबरी बूच कडक झालंय का, चीर पडलीय का हे दाबून बघितलं, ते ठीक होतं. मोटर परत बसवताना बुचाला नुसतं साबणाचं पाणी लावलं, ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायचं नाही, त्याने असलं रबर फुगतं आणि मग तिथूनच गळायला लागतं.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात, मोटर बसवल्यावर लगेच जेट जोडले की पाइपातला राहिलेला गाळ सरळ जेटमध्ये जाऊन बसतो. म्हणून आधी पाइपाचं तोंड मोकळं ठेवून लिटरभर पाणी वाहू दिलं, पहिल्या झटक्याला काळे कण आले, मग स्वच्छ. त्यानंतरच जेट जोडले. डाव्या जेटची फिरलेली गोळी सुईने अगदी हलकेच खाली आणली, धार वायपरच्या पट्ट्याच्या मध्यापेक्षा थोडी वर पडेल अशी, कारण गाडी पळायला लागली की वारा तिला खाली दाबतो. पंख्यासारखा फवारा मारणारे जेट असतील तर त्यात सुई घालूच नका, उलट बाजूने हवा मारा.

नवीन झाकण

झाकण त्याच मॉडेलचं, पट्टीसकट घेतलं, आणि गळ्यातली जाळी वेगळी मागवली. "बसतंय ना, मग झालं" असं झाकणाच्या बाबतीत चालत नाही, एक तर ते हवा घेणारं पाहिजे आणि दुसरं म्हणजे इंजिनच्या धक्क्यांनी उडणार नाही इतकं घट्ट पाहिजे. मूळ झाकण हरवलं ते पट्टी तुटल्यामुळे. इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहून ती प्लास्टिकची पट्टी कडक होते, वाकवली की पांढरी रेघ उमटते, आणि एक दिवस तिथेच तुटते. तुमच्या पट्टीवर ती पांढरी रेघ दिसत असेल तर झाकण आत्ताच मागवा. आणि पट्टी तुटलेली असेल तर पाणी भरताना झाकण इंजिनावर कुठेही ठेवायचं नाही, खिशात ठेवायचं.

झाकण हवा घेतंय का हे बघायला फार काही लागत नाही. टाकी भरलेली असताना झाकण लावून सलग सात-आठ सेकंद वॉशर चालवा, लगेच झाकण उघडा. फुस्स असा आवाज आला किंवा उघडताना झाकण आत ओढल्यासारखं लागलं तर हवेची वाट बंद आहे, भोकात चिखल किंवा मेण-पॉलिश बसलेलं असतं, कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने निघतं. आमच्या नवीन झाकणाला आवाज आला नाही. तसंच हे मोकळ्या टाकीत करू नका, वॉशरची मोटर कोरडी फिरली की तिची सील झिजते, आणि पाणी असलं तरी एका दमात दहा सेकंदांच्या वर चालवायची गरज नसते.

झाकण मिळेपर्यंत दोन दिवस काय करायचं असं दादाने विचारलं, तर पिशवीच चालेल, फक्त तिला सुईने चार-पाच भोकं पाडायची, धूळ फारशी जात नाही आणि हवा जाते. आम्ही तेच केलं. पण कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीचं झाकण काढून इथे लावायचा किंवा उलटा प्रयोग कोणी करू नये. कूलंटचं झाकण दाब धरण्यासाठी असतं, गरम इंजिनावर ते उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. वॉशरच्या झाकणावर काच आणि त्यावर उडणारी धार असं चित्र असतं, ते बघूनच हात लावायचा. चुकून कूलंट वॉशरमध्ये गेलं तर काचेवर तेलकट थर बसतो जो रात्री समोरच्या दिव्यात पसरून दिसतो, आणि वॉशरचं पाणी कूलंटमध्ये गेलं तर इंजिनाचं नुकसान, म्हणून चूक झाली असं वाटलं तर गाडी सुरू न करता आधी टाकी रिकामी करायची.

टाकीत काय भरायचं

दादा इतकी वर्षं नळाचं पाणी आणि त्यात कपडे धुवायची पावडर घालायचा. पावडर नीट विरघळत नाही, तळाशी बसते, जेटवर सुकते, काचेवर पांढरे ओघळ सोडते. आता आम्ही डिस्टिल्ड पाणी आणि वॉशरचं तयार लिक्विड, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, एवढंच. दोन वेगळ्या प्रकारची लिक्विड एकत्र करत नाही, काही एकमेकांत मिसळली की चिकट लगदा होतो.

नुसतं साधं पाणी भरू नका असं मी म्हणतो त्याला क्षाराशिवाय आणखी एक कारण आहे आणि ते मला खरंच गंभीर वाटतं. लेजिओनेला नावाचा जिवाणू साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये वाढतो, आणि त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले तर लेजिओनेअर्स नावाचा न्यूमोनिया होऊ शकतो. इंजिनाशेजारची साध्या पाण्याची टाकी आणि काचेवरचा फवारा, दोन्ही त्याला सोयीचे. इंग्लंड आणि वेल्समधल्या रुग्णांचा २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वॉशरमध्ये लिक्विड न घालता नुसतं पाणी वापरणं हा या आजाराचा एक धोका म्हणून पुढे आला. आमच्या टाकीतला तो हिरवट थर आणि डबक्याचा वास आठवला की वाटतं, पाच-सहा महिने वहिनींनी एसीचा बाहेरची हवा घेणारा मोड चालू ठेवून हेच फवारे मारले होते.

थंड भागात गाडी नेणार असाल तर साधं पाणी आणखी वेगळ्या प्रकारे नडतं, गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि टाकी, मोटर, पाइप यातलं काहीही तडकतं. त्यासाठी न गोठणारं लिक्विड मिळतं, पण त्यात बऱ्याचदा मिथेनॉल असतं, ते विषारी, थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नका, मुलं रंग बघून तोंडाला लावतात. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं आणि त्याआधीही सहज उडून जातं, त्यामुळे झाकण नसलेल्या टाकीत मिश्रण दिवसेंदिवस पातळ होत जातं आणि जे थंडी झेलेल म्हणून भरलं ते ऐन वेळी गोठतं. इथेही परत झाकणच.

नंतर

झाकण लावल्यापासून आठ महिने झाले. टाकी आता काठोकाठ न भरता गळ्याच्या खाली दोन बोटं सोडून भरतो, आणि भरण्याआधी झाकणाच्या भोवतालची धूळ ओल्या फडक्याने पुसतो, कारण उघडताना तीच धूळ आत पडते. गळ्यातली जाळी दर दोन-तीन वेळा भरताना उचलून बघतो. परवा उचलली तेव्हा तिच्यात वाळूचे चार दाणे आणि एका किड्याचा पंख होता. मी दादाला म्हटलं, "हे सगळं आधी थेट मोटरपर्यंत जात होतं." तो जाळी नळाखाली धुवायला घेऊन गेला आणि वहिनींनी आत बसून दांडी ओढली, दहापर्यंत मोजलं, दहाव्या आकड्याला पण पाणी काचेच्या मध्यावरच पडत होतं.